आठशेला चार घरे

मी एक जुना पैलवान आहे. कागदोपत्री माझे नाव दाबचाचणी यंत्र असे आहे आणि माझ्या पाठीवरच्या पितळी पट्टीवर एक लांबलचक क्रमांकही कोरलेला आहे, पण तो आजवर फक्त सामानाची मोजणी करायला येणाऱ्या कारकुनाने वाचला. बाकी सगळे मला पैलवानच म्हणतात. मित्रांनो, माझे काम एकच आहे. काँक्रीटचा ठोकळा माझ्या दोन पोलादी पाटांमध्ये ठेवायचा आणि तो फुटेपर्यंत मी दाबायचा. किती जोर लागला ते मी तबकडीवर दाखवतो. लोक आयुष्यभर काही ना काही उभे करतात, मी आयुष्यभर फोडत आलो. तरी उभे करणाऱ्यांना आधी माझ्याकडे यावेच लागते, हे मी जरा ताठ्यानेच सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझे चार खांब एका शेडमध्ये तासले गेले, पाट दुसऱ्या शेडमध्ये घासले गेले आणि तबकडी सगळ्यात शेवटी बसली. तिच्या आत पितळेची एक वाकडी नळी आहे. तेलाचा दाब वाढला की ती नळी थोडी सरळ होते आणि काट्याला पुढे ढकलते. काटे दोन. काळा काटा जोराबरोबर चढतो आणि लाल काट्याला आपल्यापुढे रेटत नेतो. ठोकळा फुटला की काळा धाडकन शून्यावर परततो, लाल मात्र जिथे पोचला तिथेच राहतो. तोच आकडा लिहून घ्यायचा. माझी तपासणी करणारा कारागीर शेजाऱ्याला म्हणाला होता की हा गडी वीस वर्षे खोटे बोलणार नाही. त्याचा अंदाज बराच चुकला, पण त्यात त्याचा दोष नव्हता.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आलो आणि तिथे मला मामा भेटले. मामा प्रयोगशाळेचे मदतनीस होते. मुलांनी त्यांना मामा म्हणायला कधी सुरुवात केली ते कोणालाच आठवत नाही, प्राध्यापकही त्यांना मामाच म्हणत. ते रोज सकाळी माझे पाट पुसायचे, स्क्रूला तेल द्यायचे आणि तबकडीच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक करायचे. ठोकळा फुटला की ते आकडा मोठ्याने वाचायचे आणि विद्यार्थी वहीत उतरवून घ्यायचे. ही आमच्या प्रयोगशाळेची पद्धत होती. मामा वाचणार आणि मुले लिहिणार. तबकडीकडे दुसरे कोणी ढुंकूनही पाहत नसे.

मग एके वर्षी प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलली. मला साखळ्यांनी उचलून गाडीत घालताना एक साखळी सरकली आणि मी वीतभर उंचीवरून आपटलो. बाहेरून काही दिसले नाही. आतली नळी मात्र दुखावली. पुढच्या तपासणीला एक माणूस पोलादी कडी घेऊन आला. ही कडी माझ्या पाटांमध्ये ठेवून दाबली की माझा जोर खरा किती ते कळते. त्याने सांगितले की मी शंभराला पाच जास्त दाखवतो आहे, नळी बदलावी लागेल. त्याने तसे लिहूनही दिले. तो कागद एका फायलीत गेला, फाईल कार्यालयात गेली, आणि यंत्र चालू आहे ना, मग घाई कसली, असे म्हणून कोणीतरी ती कपाटात ठेवून दिली. त्यानंतर कडीवाल्याला कोणी बोलावलेच नाही.

मामांनी मात्र त्याचे बोलणे नीट ऐकले होते. दुसऱ्या दिवसापासून ते माझा आकडा वाचताना मनातल्या मनात घरे सोडू लागले. घर म्हणजे तबकडीवरच्या दोन रेघांमधली जागा, एक घर दहाचे. सहाशेला तीन घरे, आठशेला चार घरे, असा त्यांचा हिशोब जिभेवर बसला होता. काटा आठशे चाळीसवर असला की मामा मोठ्याने म्हणायचे, आठशे. माझे खोटे आणि त्यांची वजाबाकी मिळून वहीत खरे उतरायचे. असे बरीच वर्षे चालले आणि मला त्याची सवय झाली. खरे सांगायचे तर मी निर्धास्त झालो.

आणखी एक गंमत. एम. टेक.च्या प्रत्येक प्रबंधाला यंत्राच्या तपासणीचा दाखला जोडावा लागतो, असा नियम आहे. माझा चांगला दाखला एकच होता, आपटण्याआधीचा. मुले त्याची झेरॉक्स काढायची. पुढची मुले त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढायची. होता होता त्यावरची तारीख इतकी काळी पडली की ती कोणाला वाचता येईना आणि वाचता येत नाही म्हणून कोणी विचारीनाही.

आता ताईविषयी सांगतो. ती वर्गातल्या मुलांपेक्षा दहाबारा वर्षांनी मोठी होती, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. नऊ वर्षे बांधकामाच्या साइटवर इंजिनियर म्हणून राबून ती नोकरी सांभाळतच शिकायला परत आली होती. आठ विषय, दोन सेमिनार आणि प्रबंध, हे सगळे पाच वर्षांत संपले पाहिजे, नाहीतर पास झालेले विषयसुद्धा रद्द, असा विद्यापीठाचा नियम. त्यातली दीड वर्षे साइटच्या बदलीत गेली होती. घरी तिसरीतली मुलगी होती आणि ती आईला विचारायची की माझ्या परीक्षा होतात आणि संपतात, तुझी का संपत नाही. ताई हे मामांना हसत सांगायची.

तिचा प्रबंध काचेवर होता. फुटक्या बाटल्यांची काच अगदी पिठासारखी दळायची आणि सिमेंटचा पाचवा हिस्सा काढून त्याजागी ती घालायची. असे काँक्रीट साध्या काँक्रीटइतके टिकते का, हा तिचा प्रश्न. त्यासाठी आधी साध्या काँक्रीटचे ठोकळे साच्यात घातले. ते नव्वद दिवस पाण्याच्या टाकीत राहिले आणि नव्वदाव्या दिवशी माझ्याकडे आले. मामांनी वाचले, ताईने लिहिले. आठशे दहा, आठशे वीस, आठशे पंधरा.

मामा तिला म्हणायचे, "तीन हवेत तर सहा घाल. पुढं कधी कामाला येतील सांगता येत नाही." ताईने ते ऐकले आणि पुढे काचेचे ठोकळे सहा घातले. हे लक्षात ठेवा.

मामा त्याच सत्राच्या शेवटी निवृत्त झाले. निरोपाची सभा झाली, हार झाला, भाषणे झाली. मग कार्यालयातून एक यादी आली आणि मामांनी एकेक वस्तू हवाली केली. किल्ल्या सात, स्टुले अकरा, बादल्या चार, थापी दोन. त्यांच्या जागी नवा माणूस नेमलाच नव्हता, तेव्हा यादीवर कारकुनाने सही केली. आठशेला चार घरे ही गोष्ट त्या यादीत कुठल्या रकान्यात लिहिणार? मामा जाताना माझ्या काचेवर दोनदा टकटक करून गेले. मला वाटले ते आता कोणाला तरी सांगतील. त्यांनाही बहुधा वाटले असेल की ते माहीत असणारच सगळ्यांना.

त्यानंतर ताई स्वतःच मला चालवू लागली. काचेचे ठोकळे टाकीत असताना तिचा एक विषय मागे राहिला होता, संख्याशास्त्राचा. एकदा त्यात ती नापास झालेली. ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून पाठ करायची. चुका दोन प्रकारच्या, एक विखुरलेली आणि एक सगळ्यांना एकाच बाजूला ढकलणारी. आकडे एकमेकांशी जुळले म्हणून ते खरे ठरत नाहीत. हे वाक्य ती इतक्यांदा म्हणाली की मलाही पाठ झाले. या विषयाचा माझ्या ठोकळ्यांशी काय संबंध, असे ती चिडून म्हणायची. काठावर का होईना, ती त्यात पास झाली.

नव्वदावा दिवस आला. ताईने काचेचे तीन ठोकळे एकामागून एक माझ्यात ठेवले आणि तबकडी स्वतः वाचली. आठशे चाळीस, आठशे पन्नास, आठशे पंचेचाळीस. तिने वहीत लिहिले, साध्या ठोकळ्यांच्या आकड्यांशेजारी ठेवले आणि खुर्चीत टेकून बसली. काच साध्याला भारी पडली होती. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून मला फार वाईट वाटले. रिकामा असताना माझा काटा अगदी शून्यावर असतो, मित्रांनो. माझ्याकडे नुसते पाहून कोणालाही काही कळणार नाही. ओझे आले की मगच मी खोटे बोलतो.

तिच्या गाईड मॅडम कमी बोलणाऱ्या आणि लाल पेन जपून वापरणाऱ्या होत्या. त्यांनी मसुदा वाचून शेवटच्या पानावर 'छान' असे लिहिले. प्रबंध जमा करायला सव्वीस दिवस उरले होते, तेवढ्यात मामा आले.

ते निवृत्तीच्या कुठल्याशा कागदावर सही करायला कार्यालयात आले होते आणि सही झाल्यावर पाय आपोआप इकडे वळले. ताईला त्यांना काय दाखवू आणि काय नको असे झाले. तीन ठोकळे उरलेच होते. त्यातला एक तिने पुसून माझ्यात ठेवला. मामा सवयीने पुढे झाले, काचेवर टकटक केली. अडीच मिनिटांनी ठोकळा फुटला.

"आठशे," मामा म्हणाले.

ताई हसली. "मामा, चष्मा बदला आता. आठशे चाळीस आहे."

"चष्मा नवाच आहे," मामा म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे वळून पाहिले. "चार घरं सोडतेस ना तू?"

ताईला प्रश्न कळला नाही. मामांनी सगळे सांगितले, साखळी, कडीवाला, फाईल. सांगता सांगता त्यांचा आवाज खाली गेला. "लिहून ठेवायला पाहिजे होतं मी," ते म्हणाले. "रोज डोळ्यासमोर होतं, म्हणून राहिलं."

ताईने वही उघडली. साधे ठोकळे मामांनी वाचलेले, काचेचे तिने वाचलेले. तिने पेन्सिलीने बाजूला वजाबाकी केली. आठशे चाळीसचे आठशे झाले, आठशे पन्नासचे आठशे दहा. काच साध्याच्या पुढे नव्हती, किंचित मागेच होती. नव्वद दिवसांचे काम आता सव्वीस दिवसांत पुन्हा होणार नव्हते.

मामा गेल्यावर ती स्टुलावर बसली. लाल काटा अजून आठशे चाळीसवरच होता. मसुदा मंजूर होता, दाखल्याची तारीख कोणाला वाचता येत नव्हती आणि मामांशिवाय हे कोणाला ठाऊक नव्हते. गप्प बसणे अगदी सोपे होते. तिने तोंड वर करून माझ्याकडे पाहिले.

"पैलवान, तीनही आकडे किती छान जुळले होते रे," ती म्हणाली. मग तिने लाल काटा शून्यावर आणला आणि वही घेऊन मॅडमच्या खोलीकडे गेली.

थोड्या वेळाने दोघी परत आल्या. मॅडमनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि भिंतीकडची माझी पाठ वाकून पाहिली. तिथे त्या जुन्या दाखल्याचे स्टिकर होते, अर्धे सोललेले. त्यांनी आपल्या हाताखालून इतके प्रबंध गेले तरी आपण हे कधी पाहिले नाही, असे स्वतःशीच बोलून दाखवले. ताईने विचारले की मग आता सगळ्या आकड्यांतून चार घरे वजा करू का.

"मामांवर माझा विश्वास आहे," मॅडम म्हणाल्या. "पण परीक्षकासमोर विश्वास नाही चालत. कडीवाल्याला बोलाव आणि कागदावर दाखव. मुदत वाढणार नाही, ते धरून चाल."

कडीवाल्याची तारीख अकरा दिवसांनी मिळाली. तेवढ्या दिवसांत ताईने निष्कर्षाचे प्रकरण फाडून नव्याने लिहायला घेतले, तेही माझ्या शेजारी बसून. 'सरस' हा शब्द तिने जिथे जिथे लिहिला होता तिथे तिथे खोडला. सतरा ठिकाणी होता.

हा कडीवाला नवा होता, तरुण आणि कामसू. तो येताना नवी नळी घेऊनच आला. पेटी उघडली, पाना काढला आणि माझ्या तबकडीच्या स्क्रूला हात घातला. आधी नळी बदलून टाकतो, मग तपासून स्वच्छ दाखला देतो, तासाभराचे काम, असे तो म्हणाला. मॅडम वर्गावर होत्या. मला घाम येत असता तर त्या क्षणी आला असता. जुनी नळी निघाली असती तर माझे खोटे किती होते हे सांगणारा पुरावाच निघून गेला असता. मी बरा झालो असतो आणि ताईची वही कायमची आजारी राहिली असती.

ताईने त्याच्या पान्यावर हात ठेवला. "थांबा. आधी आहे तसं मोजा."

"बिघडलेलं मोजून काय करायचं?" त्याने विचारले.

"मी बिघडलेल्यावरच काम केलंय. आधी चूक मोजा, मग दुरुस्त करा."

त्याने खांदे उडवले, पण पाना खाली ठेवला. कडी माझ्या पाटांमध्ये बसली. शंभरपासून हजारापर्यंत दहा ठिकाणी त्याने मला दाबायला लावले आणि दर वेळी दोन आकडे लिहिले, माझा आणि कडीचा. सहाशेला तीन घरे. आठशेला चार घरे. मामांचा जिभेवरचा हिशोब दहाही ठिकाणी बरोबर निघाला. मग जुनी नळी निघाली, नवी बसली आणि पुन्हा दहा ठिकाणी तपासणी झाली. त्याने दोन दाखले दिले, एक आजारपणाचा आणि एक बरे झाल्याचा. ताईने उरलेल्या दोनपैकी एक ठोकळा लगेच फोडून पाहिला. आठशे पाच. या वेळी काही सोडावे लागले नाही.

प्रबंध मुदतीच्या दोन दिवस आधी जमा झाला. त्यात काचेचे काँक्रीट साध्याइतकेच, किंचित कमी, असे लिहिले होते आणि मागे दोन्ही दाखले होते. आभाराच्या पानावर मामांचे पूर्ण नाव आणि त्यापुढे 'प्रयोगशाळा मदतनीस, निवृत्त' असे होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी वरच्या खोलीत तासभर प्रश्न विचारले आणि मग म्हणाले की मला ते यंत्र पाहायचे आहे. सगळे खाली आले. ताईने मामांना त्या दिवशी मुद्दाम बोलावले होते, ते दाराशी उभे होते. तिचा चेहरा उतरला होता, हातातल्या सहीच्या फॉर्मची तिने गुंडाळून गुंडाळून नळी केली होती.

"म्हणजे काच घालून ताकद वाढली नाही," परीक्षक म्हणाले.

"नाही वाढली, सर. जवळजवळ तेवढीच राहिली. पण पाचवा हिस्सा सिमेंट वाचलं."

"आणि हे यंत्र आज खरं सांगतंय कशावरून?"

ताईने माझ्या पुढच्या खांबावरचे नवे स्टिकर दाखवले. पाठीवरचे नाही, पुढचे. परीक्षकांनी तारीख वाचली आणि एक ठोकळा फोडून दाखवायला सांगितले. टाकीत शेवटचा एक होता. तो माझ्यात ठेवला गेला. काळा काटा लाल काट्याला रेटत वर गेला आणि ठोकळा फुटला.

"सातशे सत्तर," दारातून पुढे आलेले मामा म्हणाले.

परीक्षकांनी मान वळवली. तबकडीवर आठशे दहा होते, ते त्यांना स्पष्ट दिसत होते. ताई मामांजवळ गेली.

"मामा, आता नाही सोडायचं. बरा झालाय तो."

मामांना एकदम लक्षात आले. ते जवळ आले, काचेवर दोनदा टकटक केली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "आठशे दहा," त्यांनी पुरता आकडा वाचला. मग परीक्षकांकडे पाहून म्हणाले, "माफ करा साहेब. इतकी वर्षं वजा करतोय, तोंडात बसलंय."

परीक्षकांना अर्थ लागायला क्षणभर लागला. त्यांनी प्रबंधातले पहिल्या दाखल्याचे पान उघडले आणि बोट ठेवले. आठशेला चार घरे. त्यांनी मामांना विचारले की हे तुम्ही कुठल्याही कागदाशिवाय इतकी वर्षे बरोबर ठेवले काय. परीक्षकांनी ताईकडून फॉर्म मागून घेतला. जवळ टेबल नव्हते, म्हणून त्यांनी तो माझ्या खालच्या पाटावर सरळ केला आणि तिथेच सही केली. फॉर्मच्या मागच्या बाजूला काँक्रीटची भुकटी लागली. ताईने ती पुसली नाही. तिने कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला आणि मुलीला इतकेच सांगितले की संपली.

सगळे गेल्यावर मामा थोडा वेळ थांबले. माझ्यासाठी आता एक नोंदवही ठेवली आहे, खांबाला दोरीने बांधलेली. मामांनी ती उघडली, पेन मागून घेतले आणि सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिले.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, मला फार काही लागत नाही. पाट पुसा, स्क्रूला तेल द्या आणि वर्षातून एकदा कडीवाल्याला बोलवा, मी रुसलो नसलो तरी बोलवा. आणि माझ्याशेजारी जो कोणी वर्षानुवर्षे उभा असेल त्याला एकदा बसवून विचारा की तुम्ही मनातल्या मनात काय सोडता. तो जाण्याआधी विचारा. माझ्या वहीचे पहिले पान अजून तसेच आहे, येऊन वाचा. त्यावर त्या दिवसाची तारीख आहे आणि खाली मामांच्या मोठ्या अक्षरात एकच ओळ आहे: 'आजपासून आठशेला चार घरे सोडणे बंद.'